देठातल्या सुया

“सुया नाहीत!” सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत भाची म्हणाली आणि मटकन खाली बसली.

काचघरात इतकं उकडत होतं, की निवडुंगालाही घाम फुटला असता.

भाचीचा सगळा प्रबंध त्या सुयांवर उभा होता. दोन रानकंद, पानाफुलांनी अगदी जुळी भावंडं. पण देठाचा पातळ काप घेतला, की एकाच्या पेशींत स्फटिकांच्या सुया दिसत, जुड्याच्या जुड्या. दुसऱ्यात औषधालाही नाही. म्हणून या जाती दोन, असं ती म्हणे. विभागप्रमुख साहेबांच्या ग्रंथात मात्र जात एकच होती, तीही बिनसुयांची. आज तपासणी, आणि सुयांच्या कुंडीतला काप कोरा!

साहेबांनी दाराला आतून कुलूप घातलं नि कागद आपटला. “खोटे काप दाखवलेस, असं लिहून दे. लिहिल्याशिवाय दार उघडणार नाही.”

भाचीचा डबा घेऊन आलेली मावशी आणि कुंड्यांना पाणी घालणारा माळीही आत अडकले. मावशी निवृत्त फौजदार. तिच्यापुढे म्हणे कुलपंसुद्धा कबुली देत.

“इथली किल्ली कुणाकुणाकडे असते?”

“माझ्याकडे आणि या माळ्याकडे,” मनगट खाजवत साहेब म्हणाले. “डास फार झालेत.” सरबताच्या ताटलीतली लिंबाची फोड उचलून त्यांनी बोटांवर चोळली, बोटं रुमालाला पुसली.

“माळीदादा, हात बघू.”

माळ्याचे हात मातीनं भरलेले. खाजवल्याचा ओरखडा एक नाही.

“आणि तुझे गं?”

“मी हातमोजे घालते, मावशी. सुयावाल्याचा रस लागला तर खाजून जीव जातो.”

“अस्सं! साहेब, जरा रुमाल द्या. घामानं आंघोळ झाली.”

साहेबांनी दिला. मावशीनं त्यावरचा हिरवट डाग भाचीपुढे धरला. “हा बघ.”

भाचीनं डाग काचेवर उतरवला, डोळा लावला. “सुया! जुड्याच्या जुड्या!”

“डास मेले तुम्हालाच बरे चावतात, साहेब!” मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. “खरं झाड तुम्ही उपटलंत, जागी बिनसुयांचं भावंड लावलंत. उपटताना देठ मोडला, रस हाताला लागला. हिची जात खरी ठरली, तर तुमचा ग्रंथ रद्दीत. पण तुमच्या ग्रंथात जे झाड खाजतच नाही, त्याची खाज आली कुठून?”

साहेबांचा हात किल्लीकडे गेला. मावशी हलली नाही. तिनं कागद त्यांच्याकडे सरकवला.

“लवकर लिहा, फार उकडतंय. लिहिल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम तुमचाच.”