राहून गेलेला चेहरा

"आई, एवढा राग? दोन वर्षांनी दारात आलेय... निदान माझ्याकडे बघून तरी बोल!"

ठमीचा आवाज चिरकला, आणि रंगांनी माखलेल्या टेबलाशी उभ्या असलेल्या आईच्या काळजात चर्र झालं. राग? तो तर कधीच विरून गेला होता! लेकीने मनाविरुद्ध लग्न केलं त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलून बसलेल्या त्या व्याकूळ माउलीने तेव्हापासून स्वतःलाच किती बोल लावले होते... पण डोळ्यांचं सांगायचं कसं? समोर पाहिलं की नेमका मधलाच भाग पुसला जायचा; नजर बाजूला वळवली तरच माणूस दिसायचा. मधलं आता परत येणार नाही, कडा मात्र राहतील, असं डॉक्टर म्हणाले होते. हे कळलं तर पोरगी नोकरी, नवा संसार, सगळं सोडून इथेच ठाण मांडून बसेल! आई टेबलाकडेच तोंड करून ब्रश पुसत राहिली.

चित्रं मात्र चालूच होती. माणूस आठवणीतून काढावा, असं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या वडिलांनी तिला लहानपणी बजावलं होतं. तसे तिने मोठ्या कॅनव्हासवर वडील काढले, शेजारी दिवंगत नवरा काढला, अगदी त्याच्या आखूड मिशीसकट. लेकीची जागा तेवढी कोरी होती. आठवणीत होता तो दारातून निघून जातानाचा, रडून लाल झालेला चेहरा... तो तिला काढायचा नव्हता!

"येते मी." ठमीने बॅग उचलली. "पुन्हा नाही यायची."

आईचा धीर सुटला. ती गर्रकन वळली आणि लेकीच्या चेहऱ्यावर डोळे रोखून, उसनं हसत म्हणाली, "हे बघ, बघितलं तुझ्याकडे! झालं समाधान? आता कशी हसतेयस, ठमे!"

बॅग खाली पडली.

"आई... मी रडतेय गं."

मग मात्र बांध फुटला. सगळं सांगून झालं तेव्हा ठमी तिच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. "वेडी आहेस का तू? एकटीने सोसलंस? मी राहते इथेच!"

"मुळीच नाही! म्हणूनच सांगत नव्हते. तुझं घर आहे, तिथे सुखाने नांद. माझे हात धड आहेत, रंग आहेत, कडेकडेने का होईना, जग दिसतंय... फक्त येत जा गं. जावयांनाही घेऊन ये. त्यांची माफी मागायचीय मला."

ठमीने डोळे पुसले, खुर्ची ओढली, समोर बसली आणि आईची हनुवटी हळुवार धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. "आता दिसतेय मी?"

"दिसतेस ना! केस विंचरलेले नाहीत, तेही दिसतंय."

ठमी रडता रडता खुदकन हसली, आणि आईने तोच चेहरा काढायला घेतला.