एकावर एक रेषा

शेवटच्या साध्या दिवशी दुपारी आई दवाखान्यातल्या खाटेवर बाह्या सारून संत्रं सोलत होती. हातांवर सुयांचे जुने, पिवळे पडलेले डाग.

"तुझ्या मारेकरी पेशी जोरात आहेत," लेक म्हणाली. "धडधाकट माणसाच्या तोडीस तोड."

"भांडकुदळच आहे मी. तू घाबरलीयस का गं?"

"निकाल बघ ना."

"बघितला. आता घरी जा, झोप."

ती घरी गेली. पहाटे आई गेली.

कामावर परतल्यावर तिने प्रयोगशाळेत तो निकाल पुन्हा उघडला. चाचणी तिनेच केली होती. रक्तातल्या मारेकरी पेशी कर्करोगाच्या पेशींवर सोडायच्या, किती मेल्या ते मोजायचं. तुलनेला दर वेळी एका निरोगी माणसाचं रक्त. याच निकालावर विसंबून ती घरी गेली होती. तिचा हात चुकला होता का? नमुना फ्रिजमध्ये गारठला असता, तर पेशी मंदावल्या असत्या. इथे उलटंच.

तिने आईचा आणि तुलनेचा, दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. एकच रेषा दिसली.

रक्त घेणारा सहकारी नळ्या लावत होता. आई त्याला डास म्हणायची. तुलनेचं रक्त त्याचंच असायचं.

"त्या दिवशी आईचं रक्त कुणी घेतलं?"

"मीच."

"कुठल्या हाताचं?"

"उजव्या... बहुतेक."

"टोचलं की तिला आठवडाभर काळंनिळं राहायचं. त्या दुपारी एकही ताजा डाग नव्हता."

त्याने नळी खाली ठेवली.

"आणि दोन माणसांच्या रेषा अशा एकमेकींवर बसत नाहीत. दोन्ही नळ्यांत तुझंच रक्त होतं. पण हे डोकं तुझं नाही. कुणाचं?"

"काकूंचं," तो म्हणाला. "शीर सापडेना. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, 'डासा, आज स्वतःलाच चाव. आकडा चांगला दिसल्याशिवाय ती घरी जायची नाही. किती रात्री खुर्चीत काढल्यात तिने.' मी नाही म्हणायला हवं होतं, ताई."

"आणखी काय म्हणाली?"

"'तिला भीती वाटते का विचारलं, की आकडे सांगते,' म्हणाल्या."

तो गेला. खोलीत यंत्रांची घरघर तेवढी उरली. तिने खुर्ची संगणकाच्या पडद्याजवळ ओढली, खाटेजवळ ओढायची तशी.

"हो, आई," ती मोठ्याने म्हणाली. "फार घाबरले होते मी."