कोरीट, हेमराज आणि पुढचं नाव

सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येणाऱ्या घोड्यांची वेबसाइट मी कोरीटच्या घरी बसून बनवली. मुलगी झोळीत, लॅपटॉप मांडीवर. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "मन्ही सून डबामा घोडा बांधस." लोक हसायचे.

प्रत्येक घोड्याचं पान मी वेगळं लिहिलं नव्हतं. पानाच्या पत्त्यात आधी गाव, मग मालक, मग घोड्याचं नाव. जे मागितलं जाईल ते उचलून एकाच साच्यात भरायचं. नोंद नसेल तर 'सापडलं नाही'. काम देणाऱ्या मोतीलालशेठना ते रुचलं नाही. गिऱ्हाइकाला दारातून परत लावतात का, म्हणाले. मग मी एक नियम जोडला. कुणी काहीही मागो, पान उघडायचं आणि 'माहिती लवकरच' म्हणायचं.

त्यानंतर साइटच्या नोंदीत दिसू लागलं, कुणीतरी नुसतं 'कोरीट' मागतंय. आमच्या गावात विकाऊ घोडा एकही नाही. पुढे 'कोरीट/हेमराज' आलं. हेमराज माझा नवरा. त्याला विचारलं, तर ऑफिसात मला दुसरी कामं नाहीत का, म्हणाला.

बारशाच्या सकाळी मागणी आली: 'कोरीट/हेमराज/मयूरी'.

आमच्याकडे नाव आत्या ठरवते आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणाला कळू देत नाही. दुपारी रनाळ्याहून आलेल्या रंजिताताई झोळीत वाकल्या, कानात कुजबुजल्या, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मयूरी."

माझ्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली.

दिवेलागणीला मी ते पान उघडलं. 'माहिती लवकरच' गेलं होतं. मी कधीच न भरलेल्या ओळी तिथे होत्या. रंग सावळा. डाव्या कानामागे भोवरा. झोपेत मूठ मिटते. खाली, 'पसंत. न्यायला निघालो.'

पडवीत जाऊन मी तिचं डोकं हळूच वळवलं. डाव्या कानामागची मऊ लव गोल फिरलेली होती. मी आजवर पाहिलीच नव्हती.

सगळ्यांना सांगितलं. बाळंतिणीला असलं काहीबाही सुचतंच, म्हणे. हेमराज मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, तुझी झोप होत नाही. मुलगा असता तर सगळे लॅपटॉपभोवती जमले असते.

मी आतल्या खोलीत येऊन माझा नियम काढून टाकला. तोच पत्ता पुन्हा टाकून पाहिला.

'सापडलं नाही.'

सकाळपासून पहिल्यांदा श्वास मोकळा झाला.

मग लक्षात आलं, पडवीतली झोळीची करकर थांबली आहे.

"मयूरी," मी हाक मारली आणि बाहेर आले.

सासूबाई आढ्याची दोरी सोडत होत्या. झोळीच्या लुगड्याची घडी त्यांच्या खांद्यावर होती. रंजिताताई निवांत चहा पीत होत्या.

"कोनले हाका मारी ऱ्हायनी, चेतना?" सासूबाईंनी विचारलं. अगदी मायेनं.

मी हेमराजकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता, उत्तराची वाट पाहत.

माझा ब्लाउज दुधानं भिजत होता.