तिसरी सीडी का अडते?

"पुन्हा अडला! तिसऱ्या सीडीलाच अडला!" गोटू ओरडला.

काळ्या प्लेअरच्या पोटात कट्‌कट् आवाज झाला. आतली गोल थाळी अर्धी फिरली आणि हट्टी बैलासारखी जागच्या जागी थांबली. अलकानं दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते आणि पाच वाजता सुमनबाईंकडे पोचायचं होतं!

सुमनबाई म्हणजे अलका, गोटू आणि कोकिळाच्या गाण्याच्या बाई. नवरात्रात त्या ओट्यावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने खाट सोडायची नाही!" गाण्यावाचून बाईंचा जीव कासावीस व्हायला लागला. तेव्हा इंदूरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांच्या कॅसेटींमधलं सगळं गाणं पाच सीड्यांवर उतरवून पाठवलं. घरात जुना ॲम्प्लिफायर होता, लाकडी स्पीकर होते. पण दर तासाला सीडी बदलायला उठणार कोण? सरुबाई स्वयंपाकाला येई, ती सकाळ-संध्याकाळ. म्हणून विद्यार्थ्यांनी मिळून ठरवलं, पाच सीड्या एकदम पोटात घेणारा प्लेअर भाऊबीजेला बाईंना द्यायचा.

"निवड अलकानं करायची," बाईंचेच जुने विद्यार्थी असलेल्या अरविंदकाकांनी सांगून टाकलं होतं. "बाईंनी तिचा कान घडवलाय."

धनतेरसला तिघं शनवारा बाजारातल्या चुडामणशेठच्या दुकानात धडकली. शेठनं दोन प्लेअर पुढे ठेवले. एक चांदीच्या रंगाचा, निळे दिवे नाचवणारा. दुसरा काळा, साधा, पण उचलायला चांगलाच जड.

"चांदीवाला लई भारी! लाइट तो देखो यार!" गोटू हरखला.

अलकानं ढोलकीचं गाणं लावू दिलं नाही. तिनं बाईंच्या सीडीवरचा नुसता तंबोरा वाजवला आणि आवाज अगदी बारीक केला. मोठ्या आवाजात कुणीही गाजतं, खरी परीक्षा हळू स्वरात होते, असं बाई नेहमी म्हणत. चांदीवाल्यातून तंबोऱ्यामागे सूं सूं ऐकू आलं. काळ्यातून फक्त तंबोरा!

"आता गोटू, उड्या मार!" ती म्हणाली.

"उड्या? दुकानात?"

"बाईंच्या घरापुढून केळीचे ट्रक जातात. कपाटातले पेले वाजतात. तिथं गाणं तुटलं तर?"

गोटूनं लाकडी फळ्यांवर धपाधप उड्या मारल्या. चांदीवाल्याचं गाणं तीनदा उडालं, काळ्याचं एकदाही नाही. निवड झाली. पाचही सीड्या एकामागून एक वाजवून पाहिल्या आणि प्लेअर दुकानातच राखून ठेवला.

आणि आज भाऊबीजेला अरविंदकाकांबरोबर तो न्यायला आले, तर हे असं!

"बेटा, हा पीसच खराब निघाला," शेठ डोकं खाजवत म्हणाले. "आता याला इंदूरला कंपनीकडे वापस पाठवतो."

"मग चांदीवाला बांधा की! टाइम कुठंय आपल्याजवळ?" अरविंदकाकांनी घड्याळ पाहिलं.

"काका, पण धनतेरसला पाचही सीड्या वाजल्या होत्या!" अलका कळवळून म्हणाली. बाईंनी सहा वर्षं तिला शिकवलं होतं, तिच्या चुका हजारदा सोसल्या होत्या. त्या बाईंना तुटकं गाणं द्यायचं? तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कोकिळानं तिला कोपर मारलं. "अलके, काळ्याच्या कपाळावर कुंकू बघ. धनतेरसला नव्हतं!"

अलकानं डोळे पुसले. "शेठजी, लक्ष्मीपूजनाला यंत्रांचीही पूजा केलीत?"

"केली म्हणजे? जोरदार केली!" शेठ फुलून गेले. "हा दुकानातला सगळ्यात भारी माल. याचा तर ट्रे उघडून मंत्र म्हटले. लक्ष्मी आत यायला दार नको उघडं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उघडून बघायचा का?" गोटूनं विचारलं.

"बिलकुल नाही! कंपनीचं सील आहे!" शेठ गरजले.

"बरं, मग इंदूरचं खोकं तरी आम्हाला भरू द्या," अलका साळसूदपणे म्हणाली. शेठना बसल्या जागी काम झालेलं हवंच होतं. त्यांनी मान डोलावली.

कोकिळानं ट्रे उघडून सीड्या काढल्या आणि तो तसाच उघडा ठेवून वायर काढली. गोटूनं आणि अलकानं प्लेअर हळूच उचलला. अलकानं कान लावला. आत अगदी बारीक खुळखुळ! दोघांनी तो पुढे कलवला, पार पालथा केला, जरासा हलवला. टप्! टप्! खोक्याच्या पुठ्ठ्यावर कुंकवानं लाल झालेले तांदळाचे चार दाणे पडले!

"अक्षता!" तिघंही किंचाळली.

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. वायर लावली, सीड्या पुन्हा ठेवल्या. पहिली सीडी, दुसरी, आणि तिसरी! थाळी लोण्यासारखी फिरली. "लक्ष्मीला दार उघडलं आणि मीच दारात अडसर घातला!" शेठ कपाळावर हात मारून हसायला लागले. अरविंदकाका मात्र ओशाळले. "मी घाई करत होतो, पोरांनो. तुम्ही वाचवलंत."

पाचच्या ठोक्याला प्लेअर बाईंच्या खोलीत पोचला. बाईंच्या हातात रिमोट दिला. तंबोरा घुमला आणि त्यामागून बाईंचा तरुणपणीचा आवाज आला. बाहेरून केळीचा ट्रक धडधडत गेला, कपाटातले पेले किणकिणले, पण गाणं तुटलं नाही. बाईंनी डोळे मिटले.

काकांनी सगळी हकिकत सांगितली तेव्हा बाईंनी अलकाला जवळ ओढलं. "तुझ्या कानानं राखलं हो माझं गाणं!"

"बाई, कान तुम्हीच दिलात," अलका म्हणाली.

तेवढ्यात सरुबाई ताट घेऊन आली. "नवी वस्तू आली घरात, पूजा नाही का करायची?" तिनं अक्षतांची मूठ भरली आणि ती थेट प्लेअरकडे वळली.

"मावशी, थांबा!" तिघांनी एका सुरात बोंब ठोकली.

बाई इतक्या हसल्या की खाट हलली. "इकडे आण ते ताट, सरू," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तिघं खाली वाका बघू."

मग त्यांनी पडल्या पडल्याच हात लांबवला आणि सगळ्या अक्षता त्या तिघांच्या डोक्यांवर टाकल्या.