पडद्यामागचा पारा

हे रात्री घडलेलं नाही.

आधीच सांगतो, कारण ज्याला सांगायला जावं तो पहिलं हेच विचारतो, "रात्रीचे किती वाजले होते?" दुपारचे तीन वाजले होते. गुरुवार, दहा फेब्रुवारी, अठराशे एक्क्याऐंशी. लंडनच्या कॅम्बरवेल भागात, मिस्टर ऑब्रे थर्लस्टन यांच्या घराची मागची खोली. बाहेर धुकं होतं. ते काय, रोजच असतं.

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी शाळेत गेलेलो नाही. औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लावत लावत वाचायला शिकलो. सजवून सांगणं मला जमत नाही. ज्यांना जमतं, त्यांनी काय केलं तेच सांगायला बसलोय.

थर्लस्टनसाहेब शास्त्रज्ञ. काचेच्या गोळ्यातली हवा काढून टाकायची आणि आतून वीज सोडायची. मग काच हिरवी उजळते. एवढंसं. पण ते बघायला लॉर्ड लोक बग्ग्यांतून यायचे.

हवा काढायचा पंप पाऱ्याचा. वरच्या भांड्यातून पारा बारीक नळीत थेंब थेंब पडतो आणि पडताना गोळ्यातली हवा ओढून नेतो. खाली बरणी भरते. ती उचलायची, शिडी चढायची, वर ओतायची. कडेवरच्या पोराइतकी जड. एक खेप झाली की भिंतीवर खडूची एक रेघ. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून तिरकी. एका गोळ्याला दोनशे खेपा. मध्ये थांबलात की हवा परत शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

पारा आधी मुका पडतो. हवा संपत आली की बोलायला लागतो.

टक्... टक्...

काचेवर नख मारल्यासारखा. तो आवाज आला की समजायचं, आत आता काही उरलं नाही.

खिडक्या कायम बंद. गार वारा लागला तर तापलेली काच तडकते. काचेची काळजी सगळ्यांना होती.

माझ्या आधी हे काम एनॉक गार्लँड करायचा. माझ्या थोरल्या बहिणीचा, हेस्टरचा, नवरा. सात वर्षं. पाऱ्याला चिकटून आलेली हवा अडावी म्हणून नळीच्या वरच्या अंगाला एक छोटा फुगवटा काढायचा, ही युक्ती त्याची. दिव्यावर काच तापवून त्याने तो स्वतः फुंकला होता. त्यानंतर साहेबांच्या गोळ्यातली पोकळी इतकी साफ व्हायला लागली की परदेशातून पत्रं आली. साहेबांनी त्यावर निबंध छापला. चित्रात फुगवटा होता. एनॉक कुठेच नव्हता.

मग त्याचे हात कापायला लागले. हिरड्या काळ्या पडल्या, दात हलायला लागले. शेवटी शेवटी तो दूधवाला आला तरी दाराआड लपायचा. पारा अंगात भिनला की माणूस असा होतो. चार माणसांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही.

नोव्हेंबरात गेला. जाताना मला म्हणाला, "जोब, तो फुगवटा माझा आहे. एवढं कुणीतरी सांगा रे."

आठ दिवसांनी मी त्याच्या जागी कामाला लागलो. गोदीतलं काम सुटलं होतं. लाज वाटली का? नाही. काहीच वाटलं नाही. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही.

साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुलाही गार्लँडच म्हणेन. नवं नाव कोण लक्षात ठेवणार?"

मी म्हणालो, "बरं, सर."

हेस्टर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी माझ्यापुढे बटाट्याची ताटली आदळून म्हणाली, "त्याच शिडीवर चढतोस ना रे?"

"तू म्हणत असशील तर सोडतो."

"सोडू नकोस. दहा फेब्रुवारीला तुझ्या साहेबांच्या शास्त्रज्ञ मंडळाचे म्हातारे येणार आहेत ना? मला तिथे दारातसुद्धा उभं करणार नाहीत. तू आत असशील. त्यांच्यासमोर एनॉकचं नाव घे. एकदाच."

"हाकलून देतील मला."

"हाकलू देत की! तो मातीत गेला, आणि तुला नोकरीची पडलीये!"

"बरं बाई. बोलेन."

"आईची शपथ घे."

घेतली.

पहिली खूण मला शपथेनंतर तिसऱ्या दिवशी दिसली.

चाळीस रेघा करून मी अंगणातल्या नळावर हात धुवायला गेलो होतो. परत आलो... तर भिंतीवर पंचेचाळीस.

वरचं भांडं काठोकाठ. खालची बरणी रिकामी. खोलीत कुणी नाही.

वाटलं, आपलंच मोजताना चुकलं. मग पाचव्या रेघेकडे लक्ष गेलं. माझी तिरकी रेघ उजवीकडे वर जाते. ही डावीकडे वर जात होती.

एनॉक डावखुरा होता.

मी ओरडलो नाही, पळालो नाही. पुढची खेप घ्यायला वाकलो... बरणी अजून अर्धीसुद्धा भरली नव्हती.

त्यानंतर रोजच तसं व्हायला लागलं. मी दहा खेपा करायचो, भिंतीवर तीस व्हायच्या. मी बघत असेन तेव्हा काहीच व्हायचं नाही. पाठ वळवली, की शिडीची तिसरी पायरी करकरायची. ती एकच पायरी करकरते. नंतर नंतर मी मुद्दामच पाठ वळवून बसायला लागलो.

घरकाम बघणाऱ्या मिसेस क्रॉट दुपारी चहा आणायच्या. एक दिवस दोन मग आणले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"का? तुझ्या जोडीदाराला तहान लागत नाही?"

"कोण जोडीदार?"

"अरे, तो पाठमोरा असतो तो! मेल्याला सांग, कुणी चहा आणला की वळून बघायची रीत असते. आणि त्या खडूची भुकटी मी झाडणार नाही, सांगून ठेवते."

दोन्ही मग ठेवून त्या गेल्या. मी माझा चहा प्यायलो. दुसऱ्याला हात लावला नाही.

संध्याकाळी भांडी न्यायला त्या आल्या... दोन्ही मग रिकामे.

नऊ आठवडे असेच गेले. या कामाला लागलेल्या माणसाची बोटं महिन्याभरात थोडीतरी थरथरायला लागतात. माझी दगडासारखी स्थिर होती. साहेब म्हणायचे, "तुझी तब्येत दणकट आहे, गार्लँड." तब्येत नव्हे. माझ्या वाटणीचा पारा दुसराच कुणीतरी उचलत होता. मला ते कळत होतं. तरी मी त्याला एकदाही थांब म्हणालो नाही.

दहा तारीख आली.

असल्या प्रयोगात यंत्र पडद्यापुढे आणि पंप चालवणारा पडद्यामागे. मोठ्या लोकांना मध्ये घामाघूम माणूस दिसलेला चालत नाही. मी शिडीजवळ उभा होतो. पलीकडे चौदा खुर्च्या. सिगारचा वास.

पारा बोलायला लागला होता. टक्... टक्... इतका स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बरणीला हातही लावत नव्हतो. पाठ वळवून, भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

पलीकडे काच हिरवी झाली. टाळ्या पडल्या.

मग कुणीतरी पडदा बाजूला सारला. पांढऱ्या कल्ल्यांचे एक म्हातारे गृहस्थ होते. नळीजवळ वाकून बघत म्हणाले, "थर्लस्टन, सगळी करामत या फुगवट्यात आहे हो. कुणाला सुचलं हे?"

"मलाच," साहेब म्हणाले. "एकदा जेवताना सुचलं."

म्हातारे हसले. मग माझ्याकडे वळले. खरं सांगतो, माणूस चांगला होता. म्हणाले, "रोज हे यंत्र तुम्ही चालवता. तुम्ही सांगा. कुणाचं डोकं आहे हे?"

चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. विचारलं होतं मला. सरळ, अदबीने. एवढी सोपी संधी कुणाला मिळते?

टक्... टक्...

मी म्हणालो, "साहेबांचंच, सर."

आवाज थांबला.

वरच्या भांड्यात पारा होता. नळी उघडी होती. पारा पडत होता, मला दिसत होता. पण आवाज नाही. गोळ्यातला हिरवा उजेड जांभळा झाला, मग तोही गेला.

"हवा शिरली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

माझ्या मागे शिडीची तिसरी पायरी करकरली... एकदाच. कुणीतरी खाली उतरलं.

"असू दे, गार्लँड," साहेब म्हणाले. "बघायचं ते सगळ्यांनी बघितलं."

मी घरी गेलो. हेस्टर दारातच उभी होती.

"बोललास?"

"बोललो."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडली. एनॉक गेला तेव्हाही रडली नव्हती. मग तिने मला चहा दिला. मी तो कप तोंडाशी नेला... आणि सगळा चहा शर्टावर सांडला. हात कापत होते. एनॉकला इतकं कापायला सात वर्षं लागली होती. मला एक दुपार.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

लोक म्हणतात, पारा अंगात भिनला की माणसाला चारचौघांत बोलता येत नाही. मला तो आधार घेता येत नाही. त्या दुपारी पाऱ्याचा कणही माझ्या अंगात नव्हता.

याला तीन वर्षं झाली. थर्लस्टनसाहेबांना मानाचं पदक मिळालंय. माझे खालचे दात गेले. लेखणी हातात ठरत नाही, म्हणून मी सांगतोय आणि हेस्टर लिहितेय. मी काय बोललो होतो ते तिला आज, लिहितानाच कळलं.

"साहेबांचंच, सर," एवढं लिहून ती थांबली होती. मला वाटलं, शाईची दौत माझ्या तोंडावर फेकेल. फेकायला हवी होती.

ती उठली. चहा केला. टेबलावर तीन मग ठेवले. मग बसली आणि म्हणाली, "पुढे सांग."

तिसरा कुणासाठी ते मी विचारलं नाही. पुढचं सांगितलं, तिने लिहिलं. दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.

माझे हात मांडीवर आहेत. तिचा एक हात कागदावर, दुसऱ्यात लेखणी.

आत्ताच टेबलावर कुणीतरी मग ठेवला...

टक्.