दुसरी बाटली

"पुन्हा काळं!" कल्लप्पांनी दोरीवरचं दुपटं हिसकून काढलं आणि सुनेच्या पायांवर भिरकावलं. "तीनदा धुतलं म्हनतीस न्हवं? मग ह्ये काय हाय? ह्ये माणसाचं पोर हाय का आनि काय?"

 चार महिन्यांच्या अक्कीला छातीशी घट्ट धरून दानम्मा उभी होती. दुपट्यावर दौत सांडावी तसे डाग पसरले होते. विलक्षण गोष्ट अशी की जितका धुण्याचा सोडा जास्त घालावा, जितकं जीव तोडून चोळावं, तितका तो डाग अधिकच गडद होत जायचा! तिच्या बोटांची सालं निघाली होती, पण डाग जात नव्हते.

स्वयंपाकघराच्या दारात गुरम्मा उभी होती. कल्लप्पांची बायको, दानम्माची सासू, आणि सासूपणाच्याही आधी तिची सख्खी आत्या. मोहोळच्या धाकट्या भावाची, तिप्पण्णाची, ही लेक तिनेच हट्टाने सून करून या भवानी पेठेतल्या घरात आणली होती. दानम्माने केविलवाण्या नजरेने आत्याकडे पाहिलं... एक शब्द! आत्याने आपल्या बाजूने एकच शब्द बोलावा!

तो शब्द गुरम्माच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण कल्लप्पांची संतप्त मुद्रा दिसली आणि तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"हिच्या दुधातच इख हाय," ती म्हणाली. "न्हायतर पोर आसं कशाला करंल?"

त्याच दुपारी दानम्मा तान्ह्या लेकीला घेऊन मोहोळच्या गाडीत बसली. गुरम्माचा मुलगा सिद्धाराम बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. तो खाली मान घालून चादरींच्या दुकानात जाऊन बसला. आणि गुरम्मा... गुरम्मा देवघरापाशी जाऊन बसली. कारण त्या घरात त्या डागांचं मूळ ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि ते माणूस ती स्वतः होती!

तिला आठवत होतं तेव्हापासून तिचेही कपडे असेच काळे पडत. लहानपणी अव्वा, म्हणजे तिची आई, तिचे परकर वेगळे धुवायची आणि धुता धुता रडायची. लग्नाच्या आदल्या दिवशी अव्वाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती, "नवऱ्याला ह्ये कळता कामा न्हाय. कळलं तर घरात ठिवनार न्हाय तुला." छत्तीस वर्षं गुरम्माने ती शपथ पाळली. आयुष्यभर गडद रंगाची इरकली लुगडी नेसली, बाप्ये दुकानात गेल्यावर आपलं धुणं आपणच धुतलं. चाळिशी उलटल्यावर कंबर धरली, गुडघे आखडले, कानांच्या पाळ्यांवर निळसर झाक आली, तेव्हा तिने पदर कानांवरून ओढून घेतला आणि तो पुन्हा कधी मागे सारला नाही. एवढं सगळं तिने सोसलं होतं... आणि ज्या भयापोटी सोसलं, त्याच भयाच्या तोंडी तिने आपल्या भावाची निरपराध पोर देऊन टाकली! त्या दिवसापासून घासाबरोबर तिला स्वतःचीच किळस येऊ लागली.

आठ महिने गेले. कल्लप्पांनी काडीमोडाचं बोलणं सुरू केलं. अक्कलकोटकडची एक मुलगी सिद्धारामसाठी सांगून आली होती. अशात एके दिवशी तिप्पण्णा दारात येऊन उभा राहिला. त्याने नातीला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या एक डॉक्टरीणबाई अशाच जन्मजात आजारांचा अभ्यास करत होत्या आणि त्यांनी दोन्ही घरच्या माणसांना बोलावलं होतं.

"येऊ की," कल्लप्पा म्हणाले. "दोष कुनाच्या घरचा, त्ये एकदा डाक्टरच्याच तोंडून कळू दे. अक्कलकोटवाल्यांनाबी सांगाया बरं."

सोमवारी सगळे दवाखान्यात जमले. दानम्मा कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. किती वाळली होती! वर्षाची अक्की तिच्या मांडीवर हसत, खेळत होती. ना ताप, ना खोकला.

डॉक्टरीणबाईंनी फार सोप्या शब्दांत समजावलं. "आपण खातो त्यातला एक घटक या मुलीच्या शरीराला मोडता येत नाही. तो लघवीवाटे बाहेर पडतो आणि हवा लागली, सोडा लागला की काळा होतो. हा शाप नाही, विष नाही. लाखांत एखाद्याला असतं. आणि हे एकट्या आईकडून येत नाही. थोडं आईकडून, थोडं वडिलांकडून, दोन्हीकडून आलं तरच मुलाला होतं. नात्यात लग्न असलं की असं जुळून यायची शक्यता वाढते."

"आन्... माजं दूध?" दानम्माने कसंबसं विचारलं.

"दुधाचं काय?"

"माज्या दुधात इख हाय म्हनले, म्हनून मी तवाच तोडलं हिचं. ल्हानगी रातदिस रडायची वो छातीकडं बघून... मी पाठ फिरवून बसायची. शेळीचं दूध पाजलं."

डॉक्टरीणबाईंनी अक्कीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं दूध हेच तिच्यासाठी सगळ्यांत चांगलं होतं."

दानम्माने तोंडात पदर कोंबला. गुरम्माला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं! एका वाक्याने तिने एका आईकडून काय हिरावून घेतलं होतं!

"घरात कुणाचे असे कपडे काळे पडतात का?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. "कंबर धरलेली, कान निळसर, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात डाग?"

"आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाय," कल्लप्पा ठासून म्हणाले. गुरम्माचा हात नकळत कानावरच्या पदराकडे गेला.

प्रत्येकाला एकेक रिकामी बाटली मिळाली, गुरम्मालाही. ती मोरीत गेली आणि तिने दाराला कडी लावली. समोर नळ होता. तिने डोळे मिटले, नळ सोडला आणि बाटली पाण्याने भरली.

टेबलावर बाटल्या ओळीने ठेवल्या गेल्या. बाईंनी प्रत्येकीतलं थोडं काचेच्या नळीत घेऊन वर औषधाचे दोन थेंब टाकले. कल्लप्पांची नळी तशीच राहिली. सिद्धारामची, तिप्पण्णाची, दानम्माची, सगळ्यांच्या नळ्या तशाच. गुरम्माची बाटली उचलताना बाईंची बोटं जराशी थबकली. बाटली गार होती. त्यांनी गुरम्माकडे एकवार पाहिलं आणि नळीत थेंब टाकले. तीही तशीच राहिली.

"बघा!" कल्लप्पा उठलेच. "आमचं समदं साफ हाय. चल सिद्धाराम."

"ऐका तर! ज्यांच्यात हे नुसतं लपलेलं असतं, त्यांच्या लघवीत ते दिसत नाही..." डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, पण ऐकतो कोण!

तेवढ्यात तिप्पण्णा पुढे झाला आणि कल्लप्पांच्या पायांशी वाकला. त्याने डोईचा पटका काढून त्यांच्या चपलांवर ठेवला. "पाव्हणं, दोष आमचाच म्हना... समदा आमचाच. पर पोरीला टाकू नगा. तुमच्या घरात मोलकरीन म्हनून ऱ्हाईल ती!"

 हा गुरम्माचा तिप्पू! अव्वा शेतावर गेली की दिवसभर तिच्याच कडेवर असणारा! आणि आज तिच्या खोटेपणापायी तो भरल्या दवाखान्यात बोडक्या डोक्याने लोटांगण घालत होता!

"थांबा." तिचा आवाज इतका परका होता की सगळेच वळले. "त्या बाटलीत पानी हाय. नळाचं."

ती आत गेली आणि दुसरी बाटली घेऊन आली. यावेळी बाटली ऊन होती. बाईंनी दोन थेंब टाकले... आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळीतला रंग तपकिरी झाला, मग गडद, मग काळाशार!

गुरम्माने डोक्यावरचा पदर मागे सारला. तिचे ते निळसर कान इतक्या वर्षांत कल्लप्पांनी कधी नीट पाहिले नव्हते.

"अक्का..." तिप्पण्णा कळवळला. "तुला ठावं होतं?"

"व्हय."

"आन् तरी माज्या पोरीला...?"

 कल्लप्पा तडक बाहेर निघून गेले. सिद्धारामने मात्र बापाच्या मागोमाग जायला उचललेलं पाऊल मागे घेतलं आणि तो बायकोजवळ बाकावर जाऊन बसला. गुरम्मा दानम्मापुढे गेली. पाय धरायला वाकणार, तोच दानम्मा मागे सरकली.

"नगा, आत्या. शिवू नगा मला."

दानम्मा नवऱ्याबरोबर भवानी पेठेत परतली, पण सासूशी बोलेना, लेकीला तिच्या हाती देईना. गुरम्माने ते मुकाट्याने मानलं. पुढच्या सोमवारी ती एकटीच दवाखान्यात गेली.

"ह्येच्यावर औषद हाय का?" तिने विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "डाळ, दूध, शेंगा कमी केल्या तर त्या घटकाचं प्रमाण उतरतं का, ते तपासायचं आहे. पण वाढत्या लेकराला उपाशी ठेवून तपासता येत नाही."

"मग माज्यावर तपासा की. मी काय आता वाढायची न्हाय."

आणि त्या दिवसापासून गुरम्माने शेंगाचटणी सोडली, आमटी सोडली, दूध सोडलं. कोरड्या भाकरीबरोबर पालेभाजी खायची. दिवसरात्रीची लघवी मोठ्या बरणीत साठवायची आणि दर सोमवारी ती बरणी उराशी धरून उघड्या उन्हात पेठेतून दवाखान्यापर्यंत चालत जायची. बायका दारातून बघत, कुजबुजत. शरमेने तिचं सर्वांग पेटायचं, पण ती पदर कानांवर ओढायची नाही. ही शरम तिला भोगायचीच होती!

कल्लप्पा तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. एका दुपारी ते जेवायला बसले, आणि ताटावरून हात मागे घेऊन खालच्या मानेने म्हणाले, "मला सांगायचं होतंस. इतका वाईट होतो व्हय मी?"

गुरम्मा आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशी खरं बोलली. "व्हय. होता तुमी. आन् मी तुमच्यापरीस वाईट निगाले."

कल्लप्पांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपकन ताटात पडलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक भाकरी तिच्या पुढ्यात सरकवली. "बस. तूबी जेव."

चौथ्या महिन्यात बाईंनी तिला शिकाऊ डॉक्टरांसमोर बसवलं. पंचवीस-तीस तरुण मुलं! कुणी तिचे कान बघत होतं, कुणी डोळे, कुणी ताठलेला कणा चाचपत होतं. गुरम्मा नजर जमिनीला खिळवून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिली... कधीपासून, कुठे दुखतं, कुणापासून लपवलं. एकाने विचारलं, "आजी, तुमच्यामुळे घरात कुणाला त्रास झाला का?"

"झाला," ती म्हणाली. "माज्या आजारानं न्हाय, बाबा. माज्या तोंडानं. धडधाकट आईला मी सांगितलं, तुज्या दुधात इख हाय. त्येबी लिवून घ्या."

 मुलं निघून गेल्यावर ती उठायला गेली, पण कंबरेने साथ दिली नाही. ती स्टुलावर तशीच अडकून बसली. तेवढ्यात दारात सावली हलली. अक्कीला तपासायला आणलेली दानम्मा तिथे उभी होती. केव्हापासून, कोण जाणे! तिने सगळं ऐकलं होतं.

ती आत आली. आत्याच्या काखेत हात घालून तिने तिला उभं केलं.

"माफ केलं न्हाय मी तुमाला," ती म्हणाली.  "करता यील का, त्येबी ठावं न्हाय."

"नगं करूस, पोरी... मी मागनार न्हाय."

 दानम्माने कडेवरची अक्की उतरवली आणि आत्यापुढे धरली.

"धरा हिला. मी टांगा बगते. चालवायचं न्हाय तुमाला इतकं."

गुरम्माचे हात पुढे होईनात. आपण या लेकराला शिवावं, एवढी आपली लायकी उरली आहे का? पण अक्कीला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने पुढे झेपावत आपले दोन्ही हात आजीच्या गळ्यात टाकले.