सैतानाच्या नखांचा ढिगारा

"ए कारट्यांनो, हटा तिथून! तुमच्या आजीचं परसू आहे का हे?" सेद्राक छत्रीखालूनच खेकसला.

सेद्राक म्हणजे उत्खननावरचा मुकादम! छत्रीखाली लोळत जर्दाळू खायचे आणि बिया खड्ड्यात थुंकायच्या, एवढंच त्याचं संशोधन!

शोघेर, तिचा मामेभाऊ हायकाझ आणि धाकटी बहीण मारो मातीच्या ढिगाऱ्याआड सरकली. सुट्टीत लवाशची पातळ रोटी आणि चीज बांधून घेऊन ती तिघं रोज इथेच यायची. लाखो वर्षांपूर्वी माणसं या ज्वालामुखीच्या उतारावर काळ्या काचदगडाची हत्यारं घडवत. गावात त्या दगडाला सैतानाचं नख म्हणत.

"हायकाझ, टाकाऊ माती अशी चमकतेय का रे?" शोघेर पुटपुटली. "चाळली असती तर नखं चाळणीतच राहिली असती ना!"

हायकाझ चाळणी बघून आला. "चाळणीवर जाळं विणलंय! सेद्राकपेक्षा तो कोळी कामसू!"

"आणि हा ऐदी म्हणतो, इथे काही नाही. उद्या यंत्र लावून खड्डा बुजवणार!"

तिघांनी ढिगाऱ्यातून काळे छिलके, म्हणजे काचदगड फोडताना उडालेल्या कपच्या, वेचले.

दुपारी उत्खननप्रमुख वार्तुहीबाई आल्या. "बाई, टोपलीन् टोपली चाळली. काही नाही. करा बंद!" सेद्राक छाती फुगवून म्हणाला.

"आज सकाळचीसुद्धा चाळलीत, काका?" शोघेरने भोळेपणाने विचारलं.

"हो! माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग कोळ्याचं जाळं फाटलं कसं नाही?"

बाईंनी चाळणी पाहिली, शोघेरने पुढे धरलेले छिलकेही पाहिले. सेद्राक बीटासारखा लाल झाला. "थापाड्या पोरांचं काय ऐकता! ते छिलके नदीवरून आणलेत यांनी!"

शोघेर बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागली. त्यांनी याचं ऐकलं तर? पण मारो खाली बसून छिलके जुळवत होती. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत अचूक बसली. मग तिसऱ्याची, चौथ्याची!

"नदीतले दगड असे जुळतात होय?" हायकाझ फणकारला. "आणि त्यांना खड्ड्यातलीच लाल माती चिकटते?"

बाई गुडघे टेकून बसल्या. "म्हणजे इथेच बसून कुणीतरी हा दगड फोडला! शाबास, पोरांनो! खड्डा बुजवायचा नाही. सेद्राक, उचल चाळणी. अख्खा ढीग चाळायचा, तूच!"

"बाई, छिलके जुळले, पण मध्ये पोकळ राहिलंय," मारो हळूच म्हणाली.

"तिथे त्या दगड फोडणाऱ्याची दगडी कुऱ्हाड होती, बाळ. ती घडवून तो घेऊन गेला."

हायकाझने सेद्राककडे तिरका कटाक्ष टाकला. "बघा! तो तरी काम पुरं करून गेला!"